चार मात्रांची शांतता

"पुन्हा एकदा. आणि शांततेत कुणी हलायचं नाही, पान उलटायचं नाही, नाक ओढायचं नाही," सर म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच बासरीवालीनं नाक ओढलं.

सगळे हसले. सर हसले नाहीत. एरवी विनोदाला कधीही तयार असलेला हा माणूस त्या शांततेच्या बाबतीत मात्र सोवळ्यातला होता.

जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर, ते ज्या काळी रचलं गेलं त्या काळच्या रीतीनं वाजवायचं, असा हट्ट धरून सरांनी ही मैफलमाला सुरू केली होती, त्याला यंदा पंचवीस वर्षं होत होती. पहिल्या मैफलीला समोर अकरा माणसं होती म्हणे, आणि त्यातली चार वाजवणाऱ्यांच्या घरची. आता सभागृहातल्या तीनशे खुर्च्या भरायच्या. त्यातले निम्मे लोक एकाच रचनेसाठी येत. दर हंगामाची पहिली मैफल त्याच रचनेनं संपे. तीनशे वर्षांपूर्वी कुणा दरबारी वादकानं आपला धनी गेल्यावर लिहिलेली, चार वाद्यांची शोकरचना. त्या वादकाचं नावही कुठे टिकलेलं नव्हतं. जिना उतरावा तशी ती रचना एकेक सूर खाली उतरत यायची, आणि शेवट दोन हातांवर आला असताना एकाएकी थांबायची. व्हायोलिन, बासरी, हार्पसिकॉर्ड, व्हायोल, सगळी गप्प. एक अख्खा रकाना, चार मात्रा, काहीही नाही. सावकाश मोजलं तर आठ-नऊ सेकंद. मग तळातून व्हायोल एकटंच उठायचं आणि बाकीच्यांना बोटाला धरून शेवटापर्यंत न्यायचं.

ते व्हायोल तिचं, बासरीवालीच्या शेजारी बसणारीचं. गुडघ्यांत धरून वाजवायचं, सहा तारांचं, आवाजानं एखाद्या समजूतदार आजोबांसारखं. गेली अकरा वर्षं ती शांतता मोडायचं काम तिच्याकडे होतं. मनात चार मोजायचे, गज उचलायचा, बाकी तिघांनी त्या गजाकडे बघून श्वास घ्यायचा. तीनशे माणसं श्वास रोखून बसलेली असायची आणि तो श्वास तिच्या मनगटाच्या हुकमानं सुटायचा. सरांनी त्या चार मात्रांवर एक निबंध लिहिला होता, तो जाणकारांत गाजला होता. ‘या माणसानं दुःखाला सूर द्यायचंच नाकारलं,’ असं त्यातलं एक वाक्य लोक अजून म्हणून दाखवत.

त्या दिवशी मात्र तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. बाळ सात महिन्यांचं, घरी आईकडे ठेवलेलं, आणि तालीम लांबली तसं दूध दाटून छाती दगड झाली होती. खालचा सूर लावताना व्हायोल अंगाला टेकलं की कळ यायची.

"सर, एक सांगायचं होतं," व्हायोलिनवाला म्हणाला.

याला सगळे पुरावेबुवा म्हणत. तीन वर्षांपूर्वी आला, शिकलेला, हात सोन्यासारखा, पुढच्या हंगामापासून सगळा कारभार त्याच्याच हाती जायचा होता. पण चहात साखर कमी आहे म्हटलं तरी हा विचारणार, पुरावा काय? म्हणून बासरीवालीनं हे नाव पाडलं, आणि त्यालाही ते चालायचं.

त्यानं व्हायोलिनच्या पेटीतून घडी घातलेले कागद काढले. "आपल्या शोकरचनेची दुसरी प्रत सापडलीय. एका ग्रंथालयानं गेल्या महिन्यात फोटो टाकले. त्याच काळातली, चारही वाद्यांची पानं. मी रकाने मोजले. तीनदा मोजले, सर. आपल्यापेक्षा एक कमी भरतो."

"कुठला?" सरांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"शांततेचा."

हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांवर सरांचे हात तसेच राहिले. "मग उतरवणाऱ्यानं गाळला असेल."

"चारही पानांत? ती चार वेगवेगळ्या हातांची आहेत."

"मग ती आधीची प्रत. त्यानं नंतर भर घातली, ती आपल्याकडे आली."

"असेलही," पुरावेबुवा म्हणाला, आणि पुढचा शब्द त्यानं गिळला. गिळला तरी सगळ्यांना ऐकू आला.

पुरावा राहिलाच नव्हता. ज्या हस्तलिखितावरून सरांनी ही रचना घेतली ते ज्या तळघरात होतं तिथे वीस वर्षांपूर्वी पाणी शिरलं, सगळा लगदा झाला. त्याचे मागवलेले फोटो तर त्याआधीच परत गेलेले. त्या फोटोंवरून हातानं उतरवलेली मुख्य प्रत तेवढी उरली होती, सरांच्या कपाटात. आणि तो हात कुणाचा, हे आठवून तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

तो हात तिच्या आईचा.

"आईला विचारशील?" पुरावेबुवा हळू आवाजात म्हणाला. तसा तो वाईट नव्हता. "फोटोत तो रकाना होता की नव्हता, एवढंच. हंगामाची पुस्तिका गुरुवारी छपाईला जातेय. सरांचा निबंध पहिल्याच पानावर. रेडिओवाले येणार आहेत. उद्या बाहेरच्या कुणी बोट दाखवण्यापेक्षा आपल्याला आधी कळलेलं बरं."

"विचारायचं काय त्यात?" सर म्हणाले. "त्या बाईनं जन्मात एक टिंब चुकवलेलं नाही. विचार, खुशाल विचार!"

ती घरी पोचली तेव्हा आई खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आईच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून ती बाळाकडे बघताना तोंड एकीकडे वळवायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. बाळाला वाटायचं हा खेळच आहे. तेही मान वाकडी करायचं.

"आल्या बाई! साहेब केव्हाचे चौकशी करतायत," आई म्हणाली. "म्हटलं, तुमच्या मातोश्री मेलेल्या राजाचं रडं वाजवायला गेल्यात, येतील."

साहेबांनी दूध बघितल्यावर चौकशी थांबवली. छातीतली ओढ हळूहळू सैल पडत गेली, आणि मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "आई, त्या रडण्यातच शेवटाआधी सगळे थांबतात ना, तो रिकामा रकाना मूळ फोटोत होता?"

"होता." आईनं बाळाचे मोजे शोधून एक त्याच्या पायात चढवला. "नसता तर मी काय पदरचा घातला?"

"तसं नाही गं. आमच्या पुरावेबुवांना शंका."

"त्याला म्हणावं, मी मेल्यावर शंका काढ. आता पाय धर याचा, नाचतोय नुसता."

तिला एकदम हलकं वाटलं. तिनं तिथूनच सरांना फोन केला. "मी काय म्हणत होतो!" सर इतक्या मोठ्यानं ओरडले की बाळानं दूध सोडून वर बघितलं. "आता असं कर. उद्या ये आणि मुख्य प्रतीतल्या त्या पानाचा फोटो काढ. पुस्तिकेत निबंधाच्या शेजारी तुझ्या आईचं अक्षर छापू. पंचवीस वर्षांत त्या बाईचं नाव कुठे आलेलं नाही."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आईनं दोन्ही मोजे एकाच पायात घातले होते, एकावर एक. ती हसली, नजरेला दोष दिला आणि एक मोजा काढून दुसऱ्या पायात घातला. आईच्या बोटांना कधी डोळ्यांची गरज पडत नसे, हे तिला नंतर, भांडी घासताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत कपाटाशी बसून तिनं मुख्य प्रत उघडली. चारी वाद्यांचे सूर एकाखाली एक मांडलेले. आईचं अक्षर ती बोटांनी ओळखू शकली असती. सूर किंचित उजवीकडे झुकलेले, वाऱ्यावरच्या गवतासारखे. खाली कोपऱ्यात पान लिहून झाल्याची तारीख. चौदाव्या पानाच्या शेवटी तो रकाना होता. तिनं फोन वर धरला, आणि तसाच खाली घेतला.

रकाना रिकामा होता. अगदी कोरा.

आईनं तिला लहानपणी नोटेशन शिकवलं तेव्हा पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं: शांतता ही सुद्धा लिहायची असते. तिचं चिन्ह असतं, ते काढायचं. कोरं सोडलं तर वाचणाऱ्याला कळत नाही, इथे गप्प बसायचंय की लिहिणारी उठून गेली. सगळ्या प्रतीत आईनं अर्ध्या मात्रेच्या शांततेलासुद्धा नीट चिन्ह दिलेलं होतं. इथे चार ओळी आणि एकीतही काही नाही. तिनं प्रत्येक वाद्याची स्वतंत्र पानं काढून बघितली. ती मुख्य प्रतीवरून नंतर उतरवलेली. त्यांत चिन्ह होतं, चारही पानांवर, ठळक.

मग तिनं तारखा बघितल्या. चौदाव्या पानाखाली तारीखच नव्हती. तेराव्याखाली होती, तीन. पंधराव्याखाली वीस. शाईही बदललेली, आधी काळी, मग निळसर.

तो महिना आणि ते वर्ष तिला कुणी सांगायला नको होतं. ती सहा वर्षांची होती. भावाला बरं नाही म्हणून तिला आत्याकडे पाठवलं होतं. परत आणलं तेव्हा खोलीतला छोटा पलंग नव्हता आणि बाबा त्या कोपऱ्यातल्या भिंतीला रंग देत होते. तीन वर्षांचा भाऊ. खारू म्हणायचे त्याला, कारण घास गालात भरून ठेवायचा आणि गिळायला विसरायचा. रंगाचा वास तिला अजून आठवत होता. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. बाबांसमोर काढायचा नाही हे तिला न सांगता कळलं होतं, आणि बाबा गेल्यावर काढायचं राहूनच गेलं.

फोटो न काढता तिनं प्रत कपाटात ठेवली.

घरी बाळ नुकतंच झोपलं होतं. आई शेजारी बसून हातानंच त्याच्यावर वारा घालत होती. ती आईच्या समोर न बसता बाजूला बसली, म्हणजे तिला दिसेल अशी.

"आई, मी मुख्य प्रत बघितली."

आईचा हात हलत राहिला. म्हणाली, "कोरा आहे ना?"

"हो."

"तरी म्हटलं, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. पानं बघतात सगळे, मुख्य प्रत कोण उघडतंय." हात थांबला. "दवाखान्यात लिहीत होते. खिडकीचा कट्टा होता रुंद, त्यावर. सरांचा निरोप आला होता, पहिली मैफल जवळ आली, पानं कधी मिळतील. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं किती बिघडलंय. मीच कळवलं नव्हतं. कळवलं असतं म्हणजे खरं झालं असतं. तो झोपला होता. मी पट्टीनं पानावरचे सगळे रकाने आखून घेतले होते, शेवटचा एक भरायचा राहिला होता. आणि तो म्हणाला, आई, पाणी. मी पेन ठेवलं. दोन चमचे दिले. तिसरा चमचा ओठावरून खाली आला."

बाळ झोपेत ओठ चोखत होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सतरा दिवसांनी पुढचं पान घेतलं. मागचं उलटून बघवेना. मनाशी धरून चालले की ते पान भरलंय, आणि फोटोवर जिथवर खूण केली होती तिथून पुढे सुरू केलं. पुढचे सूर नव्या पानावर. कळतंय ना? गाळलं काही नाही. एक रकाना जास्त झाला, एवढंच."

"म्हणजे चूक झाली. कुणाचीही झाली असती, आई. त्या अवस्थेत..."

"थांब. चूक नाही ती." आईनं तोंड वळवून तिला कोपऱ्यातून नीट पाहिलं. "वाद्यांची पानं काढायला बसले तेव्हा तो रकाना समोर आलाच की. फोटो बाजूलाच होता. बघितलं. फोटोत मध्ये काही नव्हतं, सूर लगेच पुढे जात होते. खोडून सरळ करायला मला किती वेळ लागला असता? आणि मी शांततेचं चिन्ह काढलं. एकदा नाही, चारदा. घोटून काढलं."

"का गं?"

"आपल्या घरात त्याच्यासाठी कुणी दोन मिनिटं गप्प बसलं नव्हतं. गप्प होते सगळे, पण ते निराळं. पहिल्या मैफलीत तिथे आले, वाद्यं थांबली, आणि ती अकरा माणसं हललीसुद्धा नाहीत. त्यांना कुठे ठाऊक, कशासाठी. मग सालोसाल माणसं वाढत गेली. तीनशे माणसं, बाई. मी तिसऱ्या रांगेत बसून चार मोजायची. एवढ्या वेळात त्याचा चेहरा पूर्ण आठवून व्हायचा. मग तू गज उचलायचीस."

अकरा वर्षं आपण तिथे काय मोडत होतो, हे तिला आत्ता कळत होतं. मग तिनं आईचा हात धरला. "राहू दे ना मग. पुस्तिका जाऊ दे. तू होता म्हणालीस, मी होता म्हणून सांगितलंय, झालं. कुणाला काही कळणार नाही."

"मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं. पण तुझ्या तोंडावर खोटं बोलले आणि दिवसभर घास उतरला नाही." आईनं हात सोडवून घेतला नाही, पण आवाज सरळ होता. "तो कोण होता लिहिणारा, त्याचं नावसुद्धा राहिलं नाही. एवढं एक रडं मागे ठेवलं त्यानं, आणि त्यात मी माझं घुसडून दिलं. लोक त्याला वाखाणतात ते माझ्या रकान्यासाठी. तोही कुणासाठी तरी रडत होता की नाही? आणि सर आता थकले. त्यांच्या नावावर खोटं छापलं जायला नको. काढून टाक."

"मग खारूसाठी काय उरलं?"

किती वर्षांनी ते नाव त्या खोलीत उच्चारलं गेलं होतं. आईनं डोळे मिटले.

"मला विचार की," आई म्हणाली. "तो काय बोलायचा, कशावर हसायचा. पंचवीस वर्षांत तूही एकदा विचारलं नाहीस."

"तुला त्रास होईल म्हणून नाही विचारलं."

"झाला असता," आई म्हणाली.

सरांना सांगायला ती एकटीच गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हार्पसिकॉर्डचं झाकण लावून त्यावर दोन्ही हात ठेवून बसले. म्हणाले, "तो निरोप मी पाठवला होता."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सर."

"मुलगा आजारी आहे एवढं माहीत होतं. तेवढं पुरायला हवं होतं." त्यांनी टेबलावरचे निबंधाचे कागद पालथे घातले. "आणि मी त्यावर काय काय लिहून बसलो, बघ. सभागृहांतून म्हणून दाखवलं. ती समोर बसलेली असायची, आणि मी तिला समजावून सांगायचो, शोक म्हणजे काय."

त्यांनी तिच्यासमोरच पुरावेबुवाला फोन लावला. "तुझी प्रत बरोबर आहे. रकाना काढायचा. निबंधही काढ, तिथे पहिल्या मैफलीचा फोटो टाक... पुरावा? पुरावा हाच की तेव्हा मुख्य प्रत फोटोशी ताडून बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. चूक माझी. असंच लिही, माझ्या नावानं."

पलीकडून पुरावेबुवानं रागावलात का असं विचारलं असावं. मग सर म्हणाले, "नाही रे, रागावलो नाही. तू नीट मोजलंस."

उरलेल्या दोन तालमी अवघड गेल्या. हात सवयीनं थांबायचे. बासरीवाली दर वेळी नव्या जोडावर अडखळायची आणि म्हणायची, "जिन्याची पायरीच काढून घेतल्यासारखं वाटतंय." तिनं ‘का’ म्हणून खोदून विचारलं नाही. तिच्या परीनं ती शहाणी होती. व्हायोलला आता एकट्यानं उठायचं नव्हतं. सगळ्यांबरोबर खाली उतरत जायचं, सगळ्यांबरोबर पुढे. वाजवायला सोपं झालं होतं.

मैफलीच्या संध्याकाळी नवरा बाळाला घेऊन घरी थांबला. आई यायची नाही असं तिला वाटलं होतं, पण आई करड्या रंगाची ठेवणीतली साडी नेसून वेळेच्या आधीच दाराशी उभी होती. "पंचविसावा हंगाम आहे. घरी बसून काय करू?"

सभागृह तुडुंब होतं. मागे भिंतीलगत जादा खुर्च्या टाकल्या होत्या, कोपऱ्यात रेडिओवाल्यांच्या तारा. पहिल्या मैफलीच्या त्या अकरांपैकी चौघं हयात होते, त्यांना पुढे बसवलं होतं. आई नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. तोंड भिंतीकडे वळवून. अनोळखी माणसाला वाटलं असतं, या बाईंचं लक्ष नाही. म्हणजे ती थेट व्हायोलकडे बघत होती.

शेवटी शोकरचना आली. सूर पायरी पायरी उतरू लागले. ती जागा जवळ आली तशी लोकांची हालचाल थांबत गेली. जुन्या श्रोत्यांना ती जागा त्यांच्या घरच्या उंबऱ्याइतकी पाठ होती. समोरच्या म्हाताऱ्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. तीनशे माणसांनी श्वास रोखला.

आणि सूर थांबले नाहीत. जोडावरून सरळ पुढे गेले.

सभागृहातून अगदी बारीक असा एक आवाज उठला. कुणी बोललं नाही, फक्त रोखलेला श्वास जागा न सापडल्यासारखा इथे तिथे सुटला. कुणीतरी डोळे उघडून शेजाऱ्याकडे बघितलं. तिला पानाची गरज नव्हती. तिनं आईकडे पाहिलं.

आईचा उजवा हात मांडीवर होता. तर्जनी उचलली जात होती आणि टेकत होती. एक. दोन. तीन. चार. सगळं सभागृह पुढे गेलं होतं आणि आई एकटी त्या रकान्यात थांबून मोजत होती. चार पूर्ण झाल्यावर ती पुढे निघाली, पण आता एक रकाना मागून. शेवटाकडे जाणारे सूर तिच्या बोटावर उशिरा उमटत होते. ती पकडायला धावली नाही. आपल्या चालीनं येत राहिली.

शेवटचा सूर तळाला गेला आणि विरला. चौघांचं वाजवणं संपलं. रिवाज असा होता की व्हायोलचा गज खाली येईपर्यंत टाळी वाजवायची नाही. इतक्या वर्षांत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एरवी ती एक श्वासभर थांबायची.

गज तारेवरून उचललेला, हवेत तसाच होता. आईला अजून एक रकाना यायचं होतं.

पुरावेबुवानं तिच्याकडे पाहिलं, मग पापण्या खाली घेतल्या आणि व्हायोलिन खांद्यावरून हलवलं नाही. बासरीवालीची बासरी ओठांशीच राहिली. सरांचे दोन्ही हात पट्ट्यांच्या वर अधांतरी होते, त्यांनी ते उतरवले नाहीत. तीनशे माणसं त्या गजाकडे बघत हलेनाशी झाली. मागे एक खुर्ची करकरली आणि गप्प झाली.

तर्जनी टेकली. एक. पुन्हा उचलली. दोन. गज धरून तिचा खांदा भरून आला होता. छातीत दूध दाटलं होतं. तीन.

चौथ्याला आईचं बोट टेकलं, आणि वर आलं नाही. तिचं मोजून झालं होतं.

तिनं गज खाली घेतला. टाळ्या कडाडल्या, मागची माणसं उभी राहिली, मग पुढची. त्या उभ्या माणसांच्या पाठींमधून तिला आईचा हात तेवढा दिसत होता, मांडीवर, पालथा, ज्या जागी थांबला होता तिथेच.